सरवा वेचणारीचं चित्र

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे सचिव साहेब, नागपूरहून आलेले कलासमीक्षक प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती केवळराम सर, शिक्षकवृंद आणि लाखनीकर मंडळी,

मागे टांगलेल्या चित्राचा खरा हिशोब आधी सांगतो, कारण चौकट माझ्याच दुकानची आहे. छापील प्रत सातशे रुपये, आपल्या चित्रकलेच्या मास्तरांच्या, म्हणजे केवळराम सरांच्या खिशातून. काच आणि चौकट साडेचारशे, तेही त्यांच्याच खिशातून. संस्थेचा खिळा एक, चित्रकलेच्या खोलीतला, जिथून हे चित्र आज इथे आणलं.

आणि आता सचिव साहेबांनी हेच चित्र पाहुण्यांना भेट म्हणून जाहीर केलं. सरांना कोणी विचारलं? माझे कान जरा तिखट आहेत. "घेऊन जा साहेब, इथं कोण पाहून राहिलं," हे त्यांनी माइक बाजूला करून बोललेलं वाक्यही मला ऐकू आलं.

पाहुणे चाळीस मिनिटं फार उंचावरून बोलले. बायबलमधली विधवा रूथ, दोनशे वर्षांपूर्वी कुण्या विलायती चित्रकाराने काढलेली. ती शेतमालकापुढे कृतज्ञतेने झुकली आहे, सगळ्या रेषा मालकाच्या हाताकडे धावतात, आणि त्याच्या डोक्यावरचा काळा ढग म्हणजे तर चित्राचा प्राण. "एक रेघ दाखवा, चित्रकाराचं मन सांगतो," असंही म्हणाले. आणि आमचे सर? ते मुलांना नुसत्या वस्तू ओळखायला शिकवतात, रचना शिकवत नाहीत, म्हणे. छत्तीस वर्षांच्या नोकरीला हा निरोप?

मी सातवी नापास माणूस. पण हे चित्र चौकटीत बसवत होतो तेव्हा दुकानात शेतमजुरी करणाऱ्या बेबीबाई आल्या होत्या, नवऱ्याच्या फोटोला काच लावायला. सरांनी त्यांना सहज विचारलं, "ही बाई काय करते?"

"सरवा येचून राहिली, दुसरं काय?"

कापणीनंतर धानाच्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, पडलेल्या लोंब्या वेचतात, तो सरवा. इथे कोणाला सांगायला नको, पाहुण्यांसाठी सांगतो.

"पाया पडत असंल," मी म्हटलं. म्हणजे पाहुण्यांचं ज्ञान मलाही होतं.

"कायले पडते? पाया पडणारीचे दोन्ही हात पुढं जातात, भाऊ. हिचा एक हात ओटीले हाय. अन टाच पाहा, उचलली हाय. पुढं सरकून राहिली हे."

सरांनी माझी सुतळी उचलली आणि चित्रातल्या टाचेपासून पाठीवरून बोटांपर्यंत धरली. सुतळी थेट पडलेल्या लोंबीवर उतरली. मालकाचा हात मात्र रिकाम्या आभाळात संपतो. दुसऱ्या दिवसापासून सर नववीच्या पोरांना आधी मैदानात वाकायला लावत, मग पेन्सिल देत. याला रचना म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात, हे पाहुण्यांनी परतीच्या गाडीत ठरवावं.

सर, तुम्ही स्वतःसाठी बोलणार नाही, मला माहीत आहे. म्हणून मी बोलतो. हे चित्र तुमचं आहे. ते कुठे टांगायचं, तुम्हीच ठरवाल.

अध्यक्षांनी मला माइक दिला आणि अजून काढून घेतला नाही, त्याबद्दल आभार. काच कापणाऱ्याची जीभ आहे, कोणाला लागली असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. पाहुण्यांना मी रिकाम्या हाताने पाठवणार नाही. याच चित्राची नवी प्रत, चौकटीसकट, माझ्या खर्चाने नागपूरला पोचवतो. फक्त तिच्यात काळा ढग नसेल. तो चित्रकाराने काढलेला नाही. आपल्या चित्रकलेच्या खोलीचं छत गळतं, त्याचा तो डाग आहे.