सरावाचे पाणी

ठिकाण : लामोकी पोलीस चौकी, उत्तर युगांडा
दिनांक : २१ फेब्रुवारी २०२३, मंगळवार, सकाळी साडेनऊ

नाव : चेलेस्तिनो ओदुर. वय : ७०, चर्चच्या दाखल्याप्रमाणे. शिक्षण : पाचवी. धंदा : तंटे मिटवणे व ते काम इतरांस शिकवणे. कूळ : पालोरो. राहणार : लामोकी, कापसाच्या बंद गिरणीमागे.

मी कोणी न बोलावता स्वतः चालत चौकीत आलो असून हवालदार आमोनी बाईंसमोर सांगतो ते असे की,

वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. मला साखरेचा आजार आहे, गोळी घेऊन आलो आहे. गेली चाळीसहून अधिक वर्षे मी तंटे मिटवतो. गुरे, शेताची हद्द, पळवून नेलेली मुलगी, खून. खुनाचे एकवीस. मागची एकोणीस वर्षे मी हे काम शिकवतोही. माझ्या हाताखालून ४१२ माणसे तयार झाली. त्यांची नावे वहीत आहेत. वही सोबत आणली आहे. ती टेबलावरच ठेवावी, जमिनीवर ठेवू नये, वाळवी लागते. बाई म्हणाल्या, "म्हातारबा, चौकीत वाळवी नाही, तुमच्या डोक्यात आहे." तरी वही टेबलावर ठेवावी.

आमच्यात खून झाला की दोन कुळे एका भांड्यातले खात नाहीत, पीत नाहीत. मारणाऱ्याच्या बाजूने कोणी मारले, कसे मारले आणि देह कुठे आहे हे तोंडाने, समोरासमोर सांगावे लागते. त्यानंतर दोन्ही बाजूंचा एकेक माणूस गुडघ्यावर बसतो, हात पाठीमागे धरतो आणि दोघे एकाच भोपळ्याच्या वाडग्यातून ओपुत झाडाच्या मुळाचे कडू पाणी पितात. डोके डोक्याला लागते. मग झाले. आधी खरे, मग पाणी. हा क्रम मी पहिल्याच दिवशी पाठ करून घेतो.

वर्गात सराव करताना वाडग्यात मूळ घालत नाही, हातपंपाचे साधे पाणी घेतो. सरावाची गोष्ट एका कागदावर लिहिलेली आहे. ती अशी की, शिकारीत हरणाला पहिला भाला कोणाचा यावरून दोघांत भांडण होते, एक नाहीसा होतो, लोक म्हणतात तो सीमेपलीकडे गेला. मध्यस्थाने तीनदा विचारायचे, माणूस कुठे आहे. दोनदा उत्तर "माहीत नाही" असे द्यायचे आणि तिसऱ्यांदा मनाला येईल ते सांगायचे. एकोणीस वर्षे मी हाच कागद वापरतो. ही गोष्ट कुठून आणली असे बाईंनी विचारले असता मी बनवली असे सांगितले. ते पुढे दुरुस्त केले आहे.

गुरुवार, दिनांक १६ रोजी चर्चच्या शाळेमागे चिंचेखाली वर्ग होता. चौदा जण होते. ज्या दोघांना सरावात बसायचे होते ते मयताला गेले होते. म्हणून लान्येरो उठली. वय २९, शिवणकाम करते, माझ्याच पालोरो कुळातली. दुसऱ्या बाजूला ओकेमा उठला. वय ३३, मोटारसायकलवरून माणसे सोडतो, पाकेच कुळातला. मी हरकत घ्यायला हवी होती. पण पालोरो आणि पाकेच यांच्यात कधी खून झाला असे कोणी म्हणत नाही. या दोन कुळांत लग्ने होतात, पोरे एका ताटात जेवतात. हरकत घेतली असती तर का असे विचारले असते. मी म्हणालो, चालेल.

ओकेमा म्हणाला, "चल गं खुनी बाई, कबूल कर पटकन. साडेबाराचं गिऱ्हाईक आहे मला."

लान्येरो म्हणाली, "एका गाडीवर तिघं कोंबतोस, आधी ते कबूल कर."

सगळे हसले. ओकेमाला घाई म्हणून कोणीतरी म्हणाले, पाणी आधी उरकून घ्या, बोलणे मागाहून. क्रम चुकत होता हे मला दिसले. मी गोळी शोधत होतो. 

दोघे प्यायले. ओकेमा लगेच थुंकला.

"कुणी मूळ टाकलं रे यात? थट्टा असते का ही?"

लान्येरोने तोंडातले गिळले. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. वाडगा सगळ्यांत फिरवला. बाकी बाराही जणांनी चाखले, साधे पाणी होते. मी चाखले नाही.

मग विचारणे सुरू झाले. दोनदा तिने कागदाप्रमाणे उत्तर दिले. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने आधी जिभेने टाळूवर टक् असा आवाज केला. ती एरवी तसे करत नाही. मग म्हणाली, "अवेर ओढ्याच्या वरच्या अंगाला पोखरलेलं वारूळ आहे. त्याच्या पोटात घातलाय. उजव्या पायात टायरची चप्पल आहे, डाव्यातली नाही." त्यानंतर माझ्याकडे पाहून ती आणखी एक वाक्य बोलली. ते वाक्य मला आठवत नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "काय नाटक वठवलंस गं!" ती म्हणाली, "कसलं नाटक? अजून बोलायचंय ना मला?" मग तिने चहा मागितला आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली.

शनिवारी ओकेमा दोन चुलत भावांना आणि एक कुदळ घेऊन अवेरला गेला. गंमत म्हणून गेलो असे तो सांगतो. वारूळ मोठे आहे, माणसाच्या दुप्पट उंच. सध्या कडक उन्हाळा आहे, सगळीकडची माती दगड झाली आहे. त्या वारुळाची माती ओली होती, हाताने निघत होती, असे तिघेही सांगतात. हाडे मिळाली. चप्पल उजव्या पायाची मिळाली.

त्याच संध्याकाळी पोलिसांनी लान्येरोला आणले. तुला हे कोणी सांगितले असे विचारले की ती म्हणते, मी अजून बोललेच नाही. ती मागच्या खोलीत आहे. मघाशी तिचा खोकला ऐकू आला. तिच्या शिवणयंत्रावर कोणाचा तरी शाळेचा गणवेश एका बाहीविना पडला आहे. रविवारी तिच्या घराचे छप्पर पेटवले, शेजाऱ्यांनी विझवले. आज पाकेचची साठ-सत्तर माणसे फाटकाबाहेर उभी आहेत. ही माणसे म्हणतात तिच्या घरातले कोणी खुनी आहे, ती त्याला झाकते आहे. हे चूक आहे. तिच्या घरातले कोणी नाही.

फाटकाजवळ खाली बसलेली म्हातारी पाकेचची आबालो आहे. हाडे तिच्या थोरल्या भावाची, लांगोयाची आहेत. लांगोया जानेवारी १९७७ मध्ये शिकारीहून परतला नाही. त्याला शेवटचे मी पाहिले असे ठरले होते, म्हणून दर नाताळात प्रार्थनेनंतर आबालो माझ्याकडे येते. पहिल्या वर्षी तिने विचारले, "दादा, जाताना वळून बघितलं का हो त्यानं?" मी हो म्हणालो. पुढच्या वर्षी हात हलवला असे सांगितले. तिला काहीतरी नवे हवे असे. १९८४ साली मी सांगितले की तो म्हणाला, माझ्या वाटणीचे तीळ आबालोला ठेवायला सांग. तेव्हापासून ती दर सुगीला एक मडके भरून ठेवते. जुने पेरायला काढते आणि नवे भरते. मला तिने घरी नेऊन ते दाखवले आहे.

आता पुढचे सांगतो. बाईंनी पेन थांबवू नये.

सरावाची गोष्ट मी बनवलेली नाही. हरणाला पहिला भाला लांगोयाचा लागला होता. माझा थोरला भाऊ ओजोक म्हणाला, माझा. दुसरा भाला त्याने हरणावर टाकला नाही. ओजोकला बोलण्याआधी टाळूवर जीभ वाजवायची सवय होती. तो १९८९ मध्ये वारला. लान्येरोचा जन्म १९९३ चा आहे. वारुळात काय आहे हे ओजोकला आणि मला, दोघांनाच माहीत होते. मी बायकोलाही सांगितलेले नाही. झोपेत बोललो असेन म्हणून तिला परवा विचारले. ती म्हणाली, "तुम्ही झोपता कधी?"

त्या शिकारीनंतर तिसऱ्या दिवशी पाकेचचे दोनशे लोक भाले घेऊन आमच्या वस्तीबाहेर आले. मी चोवीस वर्षांचा होतो. त्यांच्या आणि आमच्या वडीलधाऱ्यांच्या मध्ये जाऊन मी शपथेवर सांगितले की लांगोयाला नदी ओलांडून सुदानकडे जाताना मी पाहिले. मी चांगले सांगितले. सामान काय होते तेही सांगितले. ते लोक परत गेले, कोणी मेले नाही. तिसऱ्याच कुळातला एक म्हातारा पंच म्हणाला, या पोराच्या जिभेवर शांतता आहे, आणि पुढच्या तंट्याला त्याने मला शेजारी बसवून घेतले. माझे काम असे सुरू झाले. वहीतली ४१२ नावे त्यानंतरची आहेत. आधी खरे, मग पाणी, हे त्यांना मी शिकवले. त्यांनी मिटवलेले तंटे यामुळे मोडतात की काय, हे बाईंना विचारले. त्यांना माहीत नाही. मला पाच रात्री तीच काळजी आहे.

लान्येरोला हे कोणी सांगितले ते मला माहीत नाही. मी सांगितलेले नाही. तिला सोडावे आणि तिच्या जागी मला ठेवावे.

येथवरचा मजकूर आमोनी बाईंनी आमच्या भाषेत सावकाश वाचून दाखवला. त्यात मी एक दुरुस्ती करवून घेतली. जे वाक्य आठवत नाही असे वर लिहिले आहे, ते आठवते. लान्येरो माझ्याकडे पाहून म्हणाली होती, "चेलेस्तिनो, पाय तू धर." सगळ्यांना वाटले ती मला खेळात ओढते आहे, म्हणून ते हसले. १९७७ मध्ये ओजोक हेच वाक्य म्हणाला होता, तेव्हा मी पाय धरले होते. डावी चप्पल माझ्या हातात निघून आली. ती मी ओढ्यात टाकली.

बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे. कोणी धाक घातला नाही. जबाब चालू असता मला तीनदा पाणी दिले. पहिला घोट घेतल्यावर मी पुन्हा प्यायलो नाही. तेच पाणी बाई प्यायल्या, त्यांना कडू लागले नाही.

हा कागद आबालोला वाचून दाखवू नये. या टेबलापासून फाटक चौदा पावलांवर आहे, येताना मी मोजले. मला बेड्या घालायच्या असतील तर घालाव्या, पण तिथपर्यंत जाऊ द्यावे. तिला मी तोंडाने सांगणार आहे.

(सही) चेलेस्तिनो ओदुर
समक्ष : हवालदार आमोनी