दादांचे डोंगर

…बरं, एक पाठवा, दोन पाठवा, मी काही म्हणतोय का? पण एकाच डोंगराचे वीस फोटो? अहो, डोंगर आहे तो! हलत नाही, बोलत नाही, कूस बदलत नाही. पहिल्या फोटोत जसा बसलाय तसाच विसाव्यातही बसलाय. आणि खाली लिहिलेलं काय, तर 'आता उजेड थोडा तिरपा झाला.' झाला असेल! मी इथे दुकानात एका आजोबांच्या नाकावर चष्मा बसवतोय, तो तिरपा झालाय, तो आधी सरळ करू की तुमचा उजेड बघू? तुम्हाला सांगतो, डोंगराशी माझं भांडण नाही. डोंगरानं माझं काय घोडं मारलंय? माझी तक्रार फोटोंबद्दल आहे.

कोण पाठवतं म्हणता? आमचे मेहुणे. म्हणजे हिचे थोरले भाऊ. सगळे त्यांना दादा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. निवृत्त झाले, चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेतला, आणि आता पानगळ सुरू झाली रे झाली की हे निघाले डोंगरात. एकटेच! तिथे झाडं लाल होतात, पिवळी होतात, आणि इथे माझा खिसा तापतो. टुंग! लाल झाड. टुंग! पिवळं झाड. टुंग! लाल झाडामागे पिवळं झाड. टुंग! तेच, पण आता वाऱ्यानं एक पान पडलं. दुरून डोंगर साजरे असं आपले पूर्वज सांगून गेले, पण डोंगर खिशात येऊन बसला तर काय करायचं ते सांगून गेले का? नाही ना! ते सुटले, अडकलो आपण.

आणि त्यात हिचा नियम. ही म्हणते, 'अहो, दादाचा एकही फोटो कोरडा जाता कामा नये. वहिनी गेल्यापासून त्याला दाखवायला आहे कोण? पूर्वी साधा ढग दिसला तरी वहिनीला हाक मारून दाखवायचा.' आणि खरं आहे हो ते. हिचे वडील गेले तेव्हा ही शाळेत होती. हिला सायकल शिकवली दादांनी, हिच्या परीक्षेच्या वेळी शाळेबाहेर दगडावर बसून राहिले दादा, आणि लग्न ठरवताना मला उलटेपालटे प्रश्न विचारून घाम फोडला तोही दादांनीच. भाऊ कसला, बापच तो. म्हणून मी गप्प. डोंगराशी तर माझं भांडण नव्हतंच, दादांशीही नाही.

पण दिवसाला चाळीस-पन्नास फोटो! धंदा करू की कौतुक करू? मग मी आपली एक पद्धत बसवली. फोटो उघडायचाच नाही! टुंग झालं की अंगठा चालला. पाच-सहा वाक्यं तयार ठेवली होती, तीच फिरवायची. 'वा!' 'काय रंग!' 'डोळ्यांचं पारणं फिटलं!' 'निसर्गासारखा कलाकार नाही!' संपली की पुन्हा 'वा!'पासून. एका हातानं गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी वाकवतोय, दुसऱ्या हातानं डोळ्यांचं पारणं फेडतोय. आणि मला वाटायचं, हा चोरपणा मी एकटाच करतोय, बाकीची मंडळी बिचारी मन लावून बघत असतील…

बाकीची मंडळी म्हणजे आमच्या घरच्या ग्रुपवर कोण कोण, तर ही, हिची धाकटी बहीण, तिचा नवरा म्हणजे आमचे साडू, आणि त्यांच्याकडेच राहतात त्या सासूबाई. साडू हाडांचे डॉक्टर. हे लक्षात ठेवा हं. हाडांचे!

तर त्या दिवशी दुपारी दुकानात सासूबाईंचा फोन. एवढासा आवाज.

'जावईबापू, रागावू नका हं, पण तुम्ही दिलेल्या चष्म्यात काहीतरी खोट आहे.'

आता सासूबाईंचा चष्मा म्हणजे मी जिवापाड जपून केलेला. म्हटलं, 'काय झालं?'

'अहो, सकाळपासून बघतेय, पुसून पुसून बघतेय… दादाच्या डोंगराला नखं दिसतात.'

'नखं?'

'नखं. पाच. एक मोठं आणि चार लहान, ओळीनं.'

म्हटलं, 'सासूबाई, ती झाडं असतील.' तर म्हणतात, 'झाडं कापायला झाली असतील तर झाडं!' आयुष्यभर मी लोकांना तक्त्यासमोर बसवून 'खालची ओळ वाचा, खालची ओळ वाचा' म्हणत आलोय, आणि मला सासूबाई डोंगराची नखं मोजून दाखवतात! चष्म्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता हो. म्हणून, फक्त म्हणून, मी तो फोटो उघडला. मोठा केला.

आणि तुम्हाला सांगतो… पाय होता.

दादांचा पाय! घोटा टम्म फुगलेला, एका बाजूनं जांभळा, एका बाजूनं पिवळा, मध्ये तांबूस छटा, मागे खिडकीतून येणारा उजेड, आणि हो, तिरपा! लहान करून बघितलात तर तुम्हीसुद्धा म्हणाल, संध्याकाळचं शिखर. आणि खाली दादांनी लिहिलंय, 'सकाळी पाय घसरला. हे बघा. आता काय करू?'

मी खाली आमची उत्तरं वाचली.

हिनं लिहिलंय, 'दादा, काय रंग आहेत रे! डोळे निवले!' मेहुणीबाई लिहितात, 'असाच आनंद लुटत राहा!' आणि आमचे साडू… हाडांचे डॉक्टर… भिंतीवर प्रमाणपत्र लावलेले हाडांचे डॉक्टर लिहितात, 'अप्रतिम! अशी छटा मी आजवर कुठेही पाहिलेली नाही!' आणि मी? दादा विचारतायत आता काय करू, आणि मी, चष्म्याचा दुकानदार, लिहितो, 'मोठा करून भिंतीवर लावा!'

म्हणजे सगळे चोर! एका माळेचे मणी! एकानं, एकानंही उघडून बघितलं नव्हतं हो! बघितलं ते फक्त ज्यांना दिसत नाही असं आम्ही धरून चाललो होतो त्या बाईंनी.

आणि त्यानंतर? त्यानंतर दादांकडून काही नाही. सकाळपासून एक टुंग नाही. तेव्हा कळलं मला, दुकान आज इतकं शांत का वाटत होतं… आणि मी मूर्ख, मनातल्या मनात खूष होतो की आज कामं किती भराभर उरकतायत! लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. समोर एक बाई चष्म्याची फ्रेम घालून विचारतायत, 'मला ही शोभते का?' मी म्हटलं, 'बाई, मला आज काही दिसत नाहीये,' आणि दुकान बंद करून घर गाठलं.

ही दारातच. सासूबाईंनी हिलाही फोन केला होता. चेहरा पांढराफटक. म्हणाली, 'अहो, दादानं विचारलं, काय करू… आणि मी म्हटलं, डोळे निवले.' एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मला तुम्हाला खोटं सांगायचं नाही, माझीही पाचावर धारण बसली. एकटा माणूस, डोंगरात, पाय असा, आणि ज्यांना हाक मारली ते सगळे वा वा करून आपापल्या कामाला लागले! त्याला काय वाटलं असेल? रागावला असेल तर रागावू दे हो, पण आहे कुठे? पडलाय कुठे?

तेवढ्यात साडू आले, धावत. त्यांनी फोटो मोठा केला, जवळ नेला, लांब नेला, आणि डॉक्टरी आवाजात म्हणाले, 'सूज आहे. पण हाडाचं नक्की सांगता येत नाही, उजेड नीट नाही.' म्हटलं, 'डॉक्टर, सकाळी छटेचं कौतुक केलंत, तेव्हा होता ना नीट उजेड?' त्यांनी फोटो पुन्हा लांब नेला. आणि मी तरी कुठल्या तोंडानं विचारत होतो!

आता प्रश्न असा की दादा राहतात कुठे. लॉजचं नाव? त्यांनी लिहिलं असणारच. वाचलं होतं कुणी? तेही कुठल्या फोटोखाली, कुणास ठाऊक! मग बसलो. आम्ही तिघं, तीन फोन, आणि दादांचे गेल्या आठवड्याचे सगळे फोटो. एकेक उघडून. बघून! जन्मात पहिल्यांदा बघून.

आणि तुम्हाला सांगतो, चांगले होते हो ते फोटो. नुसते रंग नाही. एका फोटोत अख्खा डोंगर तांबडा आणि खाली पायवाटेवर एकच बाक, रिकामा. त्याखाली लिहिलेलं, 'इथे दोघांना बसता आलं असतं.' त्यावर मी काय लिहिलं होतं? 'वा!' ही वाचत होती आणि नाक ओढत होती. साडू चष्मा पुसत होते. मी म्हणतो, डोंगराशी माझं भांडण नाही, पण त्या दिवशी डोंगर माझ्याशी भांडला. आणि त्याचंच बरोबर होतं.

शेवटी एका पिवळ्या झाडाच्या मागे, कोपऱ्यात, सापडली पाटी! लॉजची. नाव फांदीआड गेलेलं, पण फोन नंबर अर्धामुर्धा दिसतोय. साडू म्हणाले, 'हे वाचणं अशक्य आहे.' म्हटलं, 'सरका बाजूला. हाडं तुमची, अक्षरं माझी.' वाचला! फक्त शेवटचा आकडा, तीन की आठ? म्हटलं, तीन.

लावला. एका बाईंनी उचलला. मी घाईघाईत विचारलं, 'तुमच्याकडे पाय सुजलेले गृहस्थ आहेत का हो?' त्या म्हणाल्या, 'आहेत की. माझे मिस्टर. सोफ्यावर पडलेत. आपण कोण?' म्हटलं, माफ करा, आणि त्यांना म्हणावं गरम पाण्यात ठेवा. आठ होता तो!

पुन्हा लावला. एक पुरुषी आवाज. 'लॉज? हो, लॉजच. ते फोटोवाले काका का? ते काय, मागच्या अंगणात बसलेत, पाय बादलीत घालून. देतो.'

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसा तो पडलेला मी ऐकला हो! साडूंनी उगाचच माझ्याशी हात मिळवला. आणि मग दादा.

'हॅलो! कोण, मेहुणे का?'

मी म्हटलं, 'दादा… दादा, आम्ही… ते सकाळी…' काय सांगणार? मी शरमेनं अर्धा झालो होतो!

आणि पलीकडून हसण्याचा आवाज. थांबेना! म्हणाले, 'अहो मेहुणे, भिंतीवर लावा? पाय भिंतीवर लावू? मी बादलीत पाय घालून तुमची उत्तरं वाचत होतो. तुमचं वाचलं, मग डॉक्टरांचं वाचलं, आणि असा हसलो, असा हसलो, की फोन हातातून सुटला तो थेट बादलीत! तेव्हापासून उन्हात वाळत ठेवलाय.' आणि मग हळूच म्हणाले, 'आमची ही गेल्यानंतर इतका कधी हसलो नव्हतो हो. लॉजवाला धावत आला, त्याला वाटलं मला काही झालं.'

आता बोला! आम्ही इथे रडतोय, हा माणूस तिथे हसतोय. हिनं माझ्या हातातून फोन हिसकावला आणि अशी रागावली, अशी रागावली दादांवर… 'घसरलास कसा? एकटा गेलास कशाला? हसतोस काय?' फोटो बघितला नाही आम्ही, आणि बोलणी कुणाला, तर पायवाल्याला! ते तिकडे 'हो गं, हो गं' करतायत. तुम्हाला सांगतो, इतकं गोड भांडण मी आमच्या घरात ऐकलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी साडू स्वतः गाडी घेऊन गेले. हाड जरासं चिरलं होतं. आता उजेड नीट होता, दिसलं त्यांना. प्लास्टर घातलं, आणि असं घातलं की गुडघ्यापर्यंत. गरज नव्हती तेवढी, पण मन खात होतं ना त्यांचं. आणि दादांना आणलं कुठे? आमच्याकडे. हिनं ठणकावून सांगितलं, पाय बरा होईपर्यंत इथून हलायचं नाही.

मला विचाराल तर मनातून हायसं वाटलं हो. दादा सुखरूप, आपल्या डोळ्यांसमोर, बैठकीच्या खोलीत, माझ्या खुर्चीवर. आणि डोंगर? डोंगर लांब! आता काही महिने तरी डोंगराशी माझं भांडण नाही, डोंगराचं माझ्याशी नाही. तह!

पण ही! हिनं त्यांना नवा फोन आणून दिला. आधीच्यापेक्षा चांगल्या कॅमेऱ्याचा!

आमच्या बैठकीच्या खिडकीसमोर एक झाड आहे. एकच. रस्त्याकडेचं, धुळीनं माखलेलं, महापालिकेनं अर्धं छाटलेलं. वर्षानुवर्षं मी त्या घरात राहतो, त्या झाडाला पानं असतात हे मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. टुंग! झाड सकाळी. टुंग! झाड चहानंतर. टुंग! झाडावर कावळा. टुंग! कावळा उडाल्यावर झाड. आणि पाठवतात कुठून? माझ्या शेजारच्या खुर्चीतून! हात लांब केला तर प्लास्टरला लागेल एवढ्या अंतरावरून!

आणि मी बघतो हो आता. प्रत्येक. उघडून, मोठा करून, चारी कोपरे तपासून, ते झाडच आहे, त्यात घोटा नाही, कोपर नाही, कुठे सूज नाही, अशी खात्री पटल्यावर लिहितो. काल तर एका फोटोत बुंध्याला जरा फुगवटा दिसला. शेजारी वळून विचारलं, 'दादा, पाय ठीक आहे ना?'

तर माझ्यावरच डोळे वटारून म्हणतात, 'पायाचं काय घेऊन बसलात मेहुणे, फोटो कसा आलाय ते सांगा!'

सांगितलं. आणखी अठ्ठावीस राहिले होते, त्यांचंही सांगितलं. जेवण गार झालं.