ठिगळीच्या पापणीची शिलाई

डॉक्टर : गोचीड नाही ही, काका. ठिगळीच्या पापणीवर गाठ आहे.

शिंपीकाका : गाठ? हुबेहूब गोचीड दिसते हो. मी तर परवा चिमट्यानं ओढूनही पाहिली.

काकू : काय केलंत? मला बोलला नाहीत ते.

शिंपीकाका : तू भाजी आणायला गेली होतीस. रक्त आलं, मग सोडून दिली.

काकू : तरीच. अकरा वर्षं या कुत्रीनं तुमच्या मशीनखालची जागा सोडली नाही, आणि दोन दिवस झाले, दाराशी झोपतेय. मी आपली म्हणतेय, हिचं काय बिनसलं.

डॉक्टर : पुष्कळ जण फसतात, काकू. काका, या भिंगातून बघा. पापणीच्या कडेला बारीक ठिपक्यांची रांग दिसते?

शिंपीकाका : दिसते की. टीप मारल्यासारखी.

डॉक्टर : ती ग्रंथींची तोंडं. त्यांतून तेल पाझरतं, म्हणून डोळ्यातलं पाणी लगेच सुकत नाही. त्यातली एक ग्रंथी वाढलीय.

शिंपीकाका : म्हणजे डोळ्यालाही तेलपाणी लागतं. वाढली कशानं पण?

डॉक्टर : नेमकं सांगता येत नाही. वय झालेल्या कुत्र्यांत बऱ्याचदा होते.

काकू : कॅन्सर आहे का, ते सांगा आधी.

डॉक्टर : कुत्र्यांत या गाठी बहुतेक साध्या निघतात. काढून तपासायला पाठवू, मग नक्की सांगेन. पण पापणी मिटली की ही डोळ्यावर घासते. मघाशी रंगाचे थेंब टाकले ना? जिथं हिरवं दिसतंय तिथं ओरखडा आहे.

शिंपीकाका : माझ्या चिमट्याचा?

डॉक्टर : छातीठोक नाही सांगता येणार. पण बरोबर गाठीसमोर आहे. घासूनच झाला असावा.

शिंपीकाका : काढणार कशी?

डॉक्टर : पाचरीसारखा तुकडा कापायचा आणि दोन्ही बाजू जोडायच्या.

शिंपीकाका : पापणी आखूड पडेल.

डॉक्टर : थोडी. पण कातडी ताणते, आणि गाठ मसुराएवढीच आहे.

शिंपीकाका : आणि कड वरखाली झाली तर? कापड तिथंच आधी विरतं.

डॉक्टर : म्हणून पहिला टाका कडेवरच घालायचा. दोऱ्याची टोकं डोळ्यापासून लांब.

काकू : अहो, तुम्ही शिलाई शिकायला आलात का? डॉक्टर, या वयात भूल सोसेल तिला?

डॉक्टर : थोडा धोका आहे. रक्त तपासून घेऊ. नाही काढली तर डोळा जाऊ शकतो.

शिंपीकाका : मी परवा कुणाला न विचारता हात घातला. आता तू ठरव.

काकू : काढा, डॉक्टर.

(बारा दिवसांनी, त्याच टेबलाशी.)

डॉक्टर : साधीच गाठ निघाली, काकू. ओरखडाही भरलाय.

काकू : सुटले बाई.

शिंपीकाका : भिंग द्या जरा. जोड कुठाय? सापडत नाही. हात चांगला आहे तुमचा.

डॉक्टर : डोकं धरता का, काका? टाके काढते.

शिंपीकाका : मी नको. हिला धरू दे. मला पाहिलं की ठिगळी अजून अंग चोरते.

डॉक्टर : धरू नका मग. हात नुसता टेबलावर ठेवा. तिला वास घेऊ दे.

शिंपीकाका : हुंगतेय.

काकू : बोलू नका.

शिंपीकाका : हनुवटी टेकवली बघ हातावर. डॉक्टर, सावकाश काढा टाके. मला कुठं जायचं नाहीये.