खर्रा सोडल्यावरचे दात

माझा चहा राहू दे गा तिथंच, निवल्याशिवाय मले पिता येत नाही. तंबाखूचा खर्रा सोडला अन् ही दशा झाली.

पोरीले पाहाले भिवापूरचे पाहुणे येणार होते. बायको म्हणे, "असे लाल दात घेऊन बसाल का त्यांच्यासमोर?" मग खर्रा बंद. महिनाभर कडक ब्रशनं मीठ अन् कोळसा घासला. दात पांढरे झाले, पण गार पाणी लागलं की कळ थेट कानात जाय. धरमपेठेतली डॉक्टरीण म्हणे, "भाऊ, दातावरचं कवचच घासून टाकलं तुम्ही. ते आता परत येत नाही."

पाहुणे आले. पोराच्या बापानं आमच्याच ट्रेमधला थंडगार पन्ह्याचा गिलास उचलून स्वतःच्या हातानं माझ्यापुढं केला, नाही कसं म्हणू? एक घोट घेतला अन् डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

त्याले वाटलं, मी पोरीसाठी रडून राहिलो. पाठीवर हात ठेवून म्हणे, "रडू नका भाऊ, पोरगी आमच्याकडं सुखात राहीन."

अन् मले धीर द्याले त्यानं खिशातून खर्र्याची पुडी काढली. हसला, तर त्याचे दात माझ्या जुन्या दातांहून लाल.