एस्तेर भिंगारदिवेचा आवाज

मंडळी, देवानं एखादीला गळा द्यावा आणि ऐन भरात काढून घ्यावा, याला काय म्हणायचं? बोला की! मघाशी उपासनेत गीत गाताना तर मोठे आवाज होते तुमचे.

बरं, ऐका. आपल्या नगरची एस्तेर भिंगारदिवे. आई दवाखान्यात नर्स, पोरगी चर्चच्या गायनात. टायपिस्टच्या नोकरीसाठी मुंबईला गेली. तिथं एका बँडवाल्यानं तिला ऐकलं आणि सोल गायला उभं केलं. सोल म्हणजे? बुटाचा नव्हे, भाऊसाहेब! सोल म्हणजे आत्मा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी चर्चमध्ये आसवं गाळत जे गायलं, ते पुढं चर्चबाहेर आलं, त्याचं हे नाव. एस्तेरला ते परकं वाटलंच नाही. हॉटेलात ती गायला लागली की लोक घास हातात धरून बसायचे. एक तबकडी निघाली. दुसरीची तयारी चालली होती —

आणि गळ्यात गाठ आली. डॉक्टरांनी जीव वाचवला, आवाज वाचला नाही. उरली नुसती कुजबुज. दोन वर्षांत सगळं आटोपलं.

एस्तेर नगरला परतली. स्वतःची तबकडी घरात लावू देईना, चर्चची पायरी चढेना. आईनं समजावलं, पाळकांनी समजावलं. ती म्हणायची, आवाज का काढून घेतला ते सांगेपर्यंत देवाशी माझं बोलणं बंद आहे.

पुढं शेजारच्या मार्थाबाईंचा नवरा गेला. दफनाला एस्तेर नाइलाजानं गेली. सगळे गात होते आणि मार्थाबाई ओठ घट्ट मिटून उभ्या. डोळ्यांत टिपूस नाही. एस्तेरला बघवेना. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी कुजबुजली, "गळ्यातून नका गाऊ, मावशी. जिथं दुखतंय तिथून गा."

मार्थाबाई गायल्या. बेसूर, भसाड्या, पण कबर खणणारे फावडी टेकून ऐकत राहिले. एस्तेरच्या तळहाताला तो आवाज लागत होता. आपला नव्हे, तरी ओळखीचा!

पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये गायनाच्या बाकावर जाऊन बसली. मरेपर्यंत तिनं बायकांना गाणं शिकवलं, स्वतः एक सूर न लावता. आज तिथं गाणाऱ्या कित्येकींनी तिचा आवाज कधी ऐकलेलाच नाही.

आता तुमच्याकडे वळतो. कुणाचे गुडघे गेले, कुणाची खुर्ची गेली, सगळ्यांचीच तक्रार आहे. देवाला जाब जरूर विचारा, मंडळी, एस्तेरनंही विचारला. पण विचारताना आपल्या शेजारी कोण गप्प उभं आहे, तेवढं बघा.