जोडीचं लेकरू

दवाखान्याच्या बाकावर मेघा आतली सलाईन संपायची वाट बघत बसली होती. शेजारी आक्काबाई मांडीवरच्या नातवाला घट्ट धरून जुलाबाची पाहणी करणाऱ्या करुणाताईंशी हुज्जत घालत होती.

"माझा आदिनाथ ठणठणीत हाय. त्याची शी कशाला पायजे तुमाला ह्या डबीत?"

"ठणठणीत आहे म्हणूनच, आजी. एका आजारी मुलामागं आम्ही एक बरा मुलगा घेतो. त्याच वस्तीतला, त्याच वयाचा."

"आन् मंग?"

"दोघांचं पाणी, खाणं, शी, सगळं तपासायचं. जुलाब एकालाच का लागले, ते शोधायचं."

"म्हंजी ह्याची त्याच्यासंगं जोडी लावली?"

"हो, कागदावर."

"त्याला काय झालं तर ह्यालाबी व्हईल?"

"नाही हो!"

"मंग जोडी कशाची? मला तर काय बी उमजंना. कोणाचं लेकरू हाय ते?"

"नाव सांगता येत नाही."

"नाव नगं. वाचलं का नाय, तेवढं सांगा."

"तेही नाही सांगता येत, आजी."

"मंग ठिवा तुमची डबी तुमच्यापाशी."

मेघाला राहवलं नाही. कालच तिनं करुणाताईंच्या पाहणीच्या कागदावर सही केली होती.

"वाचलंय, आजी. सकाळी डोळं उघडलं माझ्या सम्यकनं."

आक्काबाईनं करुणाताईंपुढं हात केला.

"आणा ती डबी इकडं."