राखणदाराला बघायची परवानगी आहे

...आणि वर मलाच विचारतात, गौरेश, तू स्क्रीनसमोर बसला होतास ना, मग तुला दिसलं नाही? दिसलं हो! तुम्हाला सांगतो, सगळं दिसलं, लाल, ठळक, घरच्या टीव्हीवर बातम्या दिसतात त्याहून स्वच्छ दिसलं, पण दिसणं आणि करणं यांच्या मध्ये आमच्या कंपनीत एक मॅडम बसलेली आहे, आणि मॅडम चांगली आहे, तेच तर दुखणं आहे, वाईट असती तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर म्हणाल, हा कारापूरचा माणूस डोक्यावर पडला. मी खाणीच्या कंपनीत संगणक सांभाळतो. खाण बंद. पण खाण बंद झाली म्हणून खड्डा बंद होतो का? तो आहेच डिचोलीच्या डोंगरात आ वासून, आणि पाऊस काय नोटीस वाचून पडतो? पाणी साठतं, पंप उपसतात, आणि खड्ड्याच्या बांधाखाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी जो घरांचा वाडा आहे ना, तिथं राहतात माझा सगुणमामा आणि पार्वतीमामी... राहतात म्हणजे... येतो, त्यावर येतो.

पाणी लाल खुणेच्या वर गेलं की भोंगा वाजणार, वाड्यानं गुरं सोडून वर पळायचं, असं ठरलेलं. आणि हे बघायचं काम एका प्रोग्रामचं. पाणी किती, पंप फिरतोय का, मशीन तापलं का, दिवसरात्र एवढंच. मी त्याचं नाव ठेवलं राखणदार. आता गावचा राखणदार देव तुम्हाला सांगायला नको, शिवेवर फिरतो, हातात दांडा, वर्षातून एकदा रोट आणि विडी दिली की काम चोख. आमचे मॅनेजर कृष्णनाथबाब, त्यांना हे नाव एवढं आवडलं की सर्व्हरच्या खोलीत नारळ फोडला, पाणी गेलं स्विचबोर्डात, अर्धा दिवस कंपनी अंधारात! तेव्हाच समजायला हवं होतं. पण तेव्हा आम्ही खोबरं खाल्लं.

तर हा राखणदार दर सोमवारी दुपारी भोंगा एकदा वाजवून बघायचा, गळा ठीक आहे ना म्हणून. आणि वाड्याला त्याचं काय कौतुक! खाण चालू होती तेव्हा पाळीच्या भोंग्यावर सगळ्यांच्या चुली चालायच्या, ती सवय हाडात गेलेली. मामी सोमवारी भोंगा ऐकल्याशिवाय तांदूळ वैरायची नाही. भिंतीवर घड्याळ आहे, मी दिलेलं, चालू आहे, त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही! म्हणायची, घड्याळ काय, कोणीही पुढे-मागे करतो. आणि मामा भोंगा ऐकून व्हाळातून वर येणार, हातपाय धुऊन पाटावर बसणार.

मग आली अंकिता मॅडम, मुख्य ऑफिसातून, सुरक्षेसाठी. कोणीतरी बाहेरून आमच्या वजनकाट्याच्या संगणकात शिरला होता, म्हणून आता प्रत्येक प्रोग्रामला सक्तीची शिस्त. सक्तीची म्हणजे कशी? आपल्या देवळात मान असतात ना, तशी! ढोलाचा मान ज्याचा त्यानं ढोलच वाजवायचा, देवाच्या तरंगकाठीला बोट लावायचं नाही. आणि कमिटीचा अध्यक्ष झालास म्हणून गाभाऱ्यात शिरशील? भट बाहेर काढील. तसंच. जे लिहून दिलंय तेवढंच करायचं, जे लिहिलेलं नाही ते बंद, आणि मशीनचा मालक आला तरी बंद. राखणदाराला काय लिहून दिलं? पाणी वाच. पंप वाच. नोंद कर. भोंगा? भोंग्याचा मान दुसऱ्याचा. मी म्हटलं, मॅडम, दुसरा कोण आहे? मॅडम शांतपणे म्हणाली, “गौरेश, पहारेकऱ्याच्या हातात भोंगा दिला आणि उद्या कोणी पहारेकऱ्यालाच फितवलं तर? अख्खा वाडा मध्यरात्री रस्त्यावर येईल. त्याला बघायची परवानगी आहे, हात लावायची नाही.”

आता याला उत्तर द्या!

आणि गंमत ऐका, पहिले काही आठवडे ती शिस्त चाचणीवर होती. चाचणी म्हणजे चूक झाली तर लिहून ठेवायची, अडवायचं नाही. म्हणजे राखणदार सोमवारी भोंगा वाजवतोय, शिस्त म्हणतेय “हे बरं नव्हे हं”, आणि वाजू देतेय, आमच्या आजोबांसारखी! सगळे खूश. मग एका शुक्रवारी मॅडमनं चाचणी संपवून सक्ती चालू केली, पेढे वाटले, आणि सोमवारी... शांत.

मामीचा फोन. “गौरेश, भोंगो वाजूक ना मरे. आदण आटलां.” मी स्क्रीन बघितली, तिथं ओळ होती, राखणदारानं भोंग्याला हात घातला, नकार. धावत कृष्णनाथबाबांकडे. बाब म्हणाले, अर्ज टाक. टाकला. मॅडमनं लगेच वाचला हो, म्हणाली बरोबर आहे, एका ओळीची परवानगी लागेल, पण ती चाचणी करून, दोघांच्या सह्यांनी, आणि सणात बदल बंद, म्हणजे चतुर्थीनंतर. म्हटलं, मला द्या, मी घालतो ती ओळ! तर माझ्या खात्याला काय? बरोबर ओळखलंत. बघायची परवानगी आहे, हात लावायची नाही. आणि खड्ड्यावरचं हाताचं बटण? ते आधीच काढून टाकलेलं, गुराखी गंमत म्हणून दाबायचे!

पण वाडा गप्प बसतो का? रोज फोन. शेवटी बाब मला जीपमध्ये घालून वाड्यावर गेले, मामीच्या खळ्यात उभे राहिले आणि गोड आवाजात सांगितलं, “सोमवारचो भोंगो आमीच बंद केला, चतुर्थीक तुमका त्रास नको म्हणून. खरां उदक येयत तेव्हा वाजतलो.” मी बाबांकडे बघतोय, बाब माझ्याकडे बघत नाहीत. परत येताना जीपमध्ये मी भांडलो, सांगितलं, बाब, हे खोटं आहे. तर म्हणाले, “लोकांना घाबरवून काय मिळणार? चार दिवसांचा प्रश्न.” आणि सगुणमामा? तो हसला होता. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “शीळ घालूक येना तर तो कसलो राखणदार रे?” थट्टेत म्हणाला. पण विश्वास ठेवला. बाब स्वतः दारात येऊन सांगून गेले, का नाही ठेवणार?

मग चतुर्थीचा आदला दिवस. पाऊस असा की डोंगर दिसत नव्हता. अख्खं डिचोली माटोळीच्या बाजारात, गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळं घ्यायला, पण आमचा मामा विकत घेईल? छे! त्याची माटोळी म्हणजे स्वतः व्हाळात उतरून आणलेली कांगलां, घागऱ्यो, नाहीतर गणपती जेवत नाही म्हणायचा. आणि मी ऑफिसात, स्क्रीनसमोर. पाणी लाल खुणेच्या वर गेलं. राखणदारानं भोंग्याला हात घातला, नकार. परत, नकार. परत, नकार. तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात असा प्रामाणिक नोकर बघितला नाही, हात बांधलेले, तोंड बांधलेलं, तरी दर मिनिटाला उठून भोंग्याकडे जातोय आणि मार खाऊन परत येतोय, आणि मी समोर बसून ते वाचतोय.

बाबांना फोन. मागे बाजाराचा गलका, बाब भोपळ्याचा भाव करतायत, म्हणाले, मॅडमला सांग. मॅडमला फोन. तिला अर्ध्या वाक्यात समजलं. म्हणाली, माझी सही करते, पण दुसरी सही ज्याची तो सणाला गावी गेलाय, फोन लागत नाही, आणि एका सहीवर मशीन माझंसुद्धा ऐकत नाही... मीच तसं केलंय, गौरेश. आणि रडायला लागली हो. मला तिचा राग करायचा होता, तेवढंही तिनं ठेवलं नाही.

मामीला फोन. मी ओरडतोय, मामी, वर जा, मामाला बोलव! ती म्हणते, “व्हाळात गेला तो. येतलो. भोंगो खंय वाजलो?” म्हटलं, भोंग्याची वाट बघू नकोस, धाव! धावली बिचारी. काठावरून हाका मारत होती. पण वर बांध फुटला होता, आणि त्या आवाजात हाक कुणाला ऐकू येणार... तेवढ्यात दुसरी सही मिळाली. ओळ पडली. भोंगा वाजला. काय वाजला म्हणता! कारापूरपर्यंत ऐकू गेला असेल. मामीची शेजारीण घरातून बाहेर येऊन म्हणाली, आज सोमार काय गो?

मामा दुसऱ्या दिवशी मिळाला, खाली, करंजाच्या मुळांत. कमरेला घागऱ्यांची जुडी तशीच बांधलेली. सुतक, त्यामुळे गणपती नाही. माटोळीची चौकट मात्र आधीच टांगलेली होती, ती तशीच राहिली, रिकामी. मी तिच्याखाली बसलो होतो आणि ज्याला त्याला वाटत होतं की मी संगणकवाला म्हणून काहीतरी सांगेन.

चौकशी झाली. निष्कर्ष काय? कोणाचीही चूक नाही. राखणदारानं बघितलं, शिस्तीनं अडवलं, मॅडमनं सही केली, बाबांनी धीर दिला, मी फोन केले. ज्याचा जो मान तो त्यानं चोख बजावला! एक माणूस तेवढा गेला, पण त्याचा मान कुठं लिहिलेला नव्हता.

आता ती ओळ कायमची आहे. दर सोमवारी दुपारी भोंगा वाजतो, आणि मीही सोमवारी मामीकडे जेवायला जातो. भोंगा वाजला की ती उठते, तांदूळ वैरते, पाट मांडते, ताट वाढते, माझं नव्हे, मला नंतर. ते ताट दारासमोर निवत राहतं, वर माशा बसतात, आणि ती व्हाळाकडे बघत बसते. ते उचलावं असं दर वेळी मनात येतं... पण नाही हो. आमच्या खात्याला बघायची परवानगी आहे, हात लावायची नाही.